चालवून पाहण्याचा हक्क

मोटार विकत घेण्यापूर्वी ती चालवून पाहण्याची आता गरज उरलेली नाही, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. गाड्या एकाच साच्यातून निघतात, परीक्षणांच्या चित्रफिती मोबाइलवर फुकट पाहायला मिळतात. मग विक्रेत्याचा माणूस शेजारी बसवून दोन किलोमीटरची फेरी मारण्यात काय साधते? शिक्षकांच्या खोलीतही हा युक्तिवाद कानावर येतो. आम्हांस तो अर्धाच पटतो.

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. त्यांतला शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. जाणत्या आणि यथार्थ बोलणाऱ्या माणसाचा. परीक्षणे करणारे जाणते असतीलही. पण कंपनीनेच दिलेली गाडी, कंपनीनेच निवडलेल्या रस्त्यावर चालवून बोलणाऱ्याला आप्त कितपत म्हणावे?

शब्दप्रमाणावाचून चालत नाही, हेही खरे. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने भारतातील पाच खपाऊ मोटारींची धडक-चाचणी घेतली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकीलाही तारा मिळाला नाही. हे कोणत्याही ग्राहकाला फेरी मारून कळले नसते. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झाले आहे. त्याचे निष्कर्ष जरूर वाचावेत. परंतु क्लच दाबताना गुडघा भरून येतो का, पुढच्या खांबाआड वळणावरचा सायकलस्वार लपतो का, मागच्या आसनावर आजीला आधाराविना चढता येते का, याचे उत्तर कोणत्याही ताऱ्यात नाही. तो प्रांत प्रत्यक्षाचाच.

आमच्या जालना जिल्ह्यात तर हा प्रश्न अधिकच खरा आहे. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तेथून उतरून गावाकडे वळावे, तर काळ्या जमिनीवरचा, पावसाळ्यात फुगणारा आणि उन्हाळ्यात भेगाळणारा रस्ता समोर येतो. गळिताच्या हंगामात अंबड-घनसावंगीकडे रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. एकाच गाडीला हे सारे निभवायचे असते. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर, भर दुपारी, एकट्याने मारलेली फेरी यांतले काय सांगणार?

म्हणून आमचा आक्षेप चाचणीवर नाही, तिच्या उपचारावर आहे. बैलबाजारातला शेतकरी हा उपचार कधीच करीत नाही. तो दात पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चालवून पाहतो, जमल्यास जुंपूनही पाहतो. हेड्याच्या बोलण्याला मान डोलावतो, पण व्यवहार स्वतःच्या डोळ्यांवर करतो. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण त्याच्याच अनुभवातून आलेली. त्याचाच मुलगा पाच-सात वर्षांच्या हप्त्यांची मोटार मात्र रंग आणि पडद्याचा आकार पाहून नोंदवतो.

१९३० चा मालविक्री कायदाही या बाबतीत सावध आहे. कलम ४१ प्रमाणे न पाहिलेला माल हाती आल्यावर तो तपासण्याची वाजवी संधी ग्राहकाला मिळाली पाहिजे. उलट कलम १६ सांगते की, माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल विक्रेत्याची हमी गृहीत धरली जात नाही. तपासणी हा हक्क आहे, तशीच ती जबाबदारीही आहे. वरवरच्या तपासणीने जबाबदारी तेवढी पदरात पडते.

साहित्याच्या अध्यापकांना यात परका काही विषय दिसू नये. कादंबरी न वाचता गाइडवरून तिच्यातील व्यक्तिरेखांवर दहा गुणांचे उत्तर लिहिणारा विद्यार्थी आपण दरवर्षी पाहतो. त्याची माहिती अनेकदा बिनचूक असते; नसतो तो त्याचा स्वतःचा अनुभव. समीक्षा वाचावी, पण संहितेच्या ऐवजी नव्हे.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच: फेरी मागावी, आणि ती आपल्या अटींवर मागावी. घरची माणसे बसवून, आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, एकदा दिवेलागणीनंतर. विक्रेता नाही म्हणाला, तर नोंदणीचे पैसे तूर्त खिशातच राहू द्यावेत.