बाळ रडतं तोवरच श्वास

शांत पडलं की बाळ निळं पडतं, रडलं की गुलाबी होतं. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाकाची मागची वाट जन्मतःच हाडाने वा पडद्याने दोन्हीकडून बंद असेल, तर रडताना उघडणारं तोंड हाच त्याचा श्वास! डॉक्टर याला कोअॅनल अट्रेसिया म्हणतात. साधारण सात हजारांत एका बाळाला तो असतो, बहुतेकदा एकाच बाजूला.

ओळखायला काय लागतं? दूध पाजायची बारीक नळी. ती दोन्ही नाकपुड्यांतून घशात उतरते का, एवढंच बघायचं. अडली तर तोंडात एअरवे बसवून बाळ मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. तिथे सीटी स्कॅन करून, दुर्बिणीने नाकातूनच वाट मोकळी करतात.

पण पाड्यावरचं बाळ दगावलं की बोट दाखवलं जातं आईबापाच्या अंधश्रद्धेकडे. भगत दोषी असेलही. पण नळी घालून बघायचं काम भगताचं होतं का? 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोष मोजले नऊ. त्यांत हा नाही. भातसा-तानशाचं पाणी मुंबईला पोचतं, शहापूरचं बाळ तिथवर पोचेल याची हमी कोण देतं?

1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली; आईचा भार सरकारने उचलावा म्हणाले. तो त्यांना उपकार वाटला नव्हता.

मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीचा हिशोब मागतो तसं शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात लेखी विचारा: बाळाच्या मापाचा एअरवे आहे का? नळी घालून तपासायला शिकलेली नर्स रात्रपाळीला असते का?

जय भीम!