विश्लेषण : गट समान, अंतर असमान… गरिबीच्या आकड्यांत नेमके काय दडते?

माणसांना खर्चाच्या क्रमाने रांगेत उभे करायचे आणि रांगेचे समान तुकडे पाडायचे, ही सांख्यिकीतली रुळलेली पद्धत. संगणकावर ते एका आज्ञेचे काम. मात्र याच तुकड्यांवरून देशात गरिबी किती, विषमता किती, असे निष्कर्ष काढले जातात. तेव्हा तुकडा नेमका कुठे पाडला, हा तपशील मागे पडतो. तो मागे पडू देणे परवडणारे नाही.

गट पाडण्याच्या दोन रीती कोणत्या?

खर्च, उत्पन्न, वजन, उंची ही सलग बदलणारी मोजमापे असतात. त्यांचे गट दोन प्रकारे पाडता येतात. पहिल्यात पट्टे समान रुंदीचे असतात : शून्य ते दोन हजार, दोन ते चार हजार वगैरे. त्यात काही पट्टे गच्च भरतात, काही जवळपास रिकामे राहतात. दुसऱ्यात प्रत्येक गटातील माणसे समान असतात. चार गट केले तर चतुर्थक, दहा केले तर दशमक. पायथॉनच्या ‘पांडाज’ या संचात पहिल्या रीतीसाठी ‘कट’ आणि दुसरीसाठी ‘क्यूकट’ ही आज्ञा आहे. नावात एका अक्षराचा फरक, निकालात मात्र बराच.

समान गटांत अंतर किती?

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात २ लाख ६१ हजार ७४६ कुटुंबांची माहिती घेण्यात आली. त्यात लोकसंख्येचे बारा गट केले आहेत : दोन्ही टोकांना पाच-पाच टक्क्यांचे दोन-दोन आणि मधे दहा-दहा टक्क्यांचे आठ. ग्रामीण भागात तळाच्या पाच टक्क्यांचा दरडोई मासिक खर्च सरासरी १,३७३ रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ४६ रुपये. मधल्या दोन गटांची सरासरी ३,०९४ आणि ३,४५५ रुपये; फरक ३६१ रुपयांचा. वरच्या दोन गटांची सरासरी मात्र ६,६३८ आणि १०,५०१ रुपये; फरक ३,८६३ रुपयांचा. तक्त्यात दोन्हीकडे अंतर एकाच ओळीचे दिसते. प्रत्यक्षात एक पायरी दुसरीच्या दहापटीहून उंच आहे.

मधल्या भागात तर गटाच्या सीमेवर उभ्या असलेल्या दोघांच्या खर्चात रुपया-दोन रुपयांचाही फरक नसेल, तरी एक खालच्या गटात आणि दुसरा वरच्या गटात जातो. एखाद्या योजनेचा लाभ अशा गटावर ठरवला, तर शेजारच्या दोन घरांपैकी एकाचे नाव यादीत येईल आणि दुसऱ्याचे वगळले जाईल.

गरिबीच्या वादाशी याचा संबंध काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये या सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यानंतर नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी देशातील गरिबी पाच टक्के किंवा त्याहून कमी असू शकते, असे मत मांडले. महागाईनुसार वाढवलेली दारिद्र्यरेषा आणि तळाच्या पाच टक्क्यांचा सरासरी खर्च जवळपास सारखे आहेत, हा त्यामागचा तर्क होता. दारिद्र्यरेषा कोणती धरावी, हा वाद वेगळा. येथे प्रश्न ‘पाच’ या आकड्याचा आहे. हा आकडा आला तो गटाच्या सीमेवरून, आणि ती सीमा तक्ता करणाऱ्यांनी आखली होती. तळाचा गट दहा टक्क्यांचा केला असता, तर ग्रामीण सरासरी १,५७८ रुपयांच्या आसपास गेली असती आणि चर्चेचा सूरही बदलला असता. गरीब किती हे मोजायचे, तर रेषेखालील माणसे थेट मोजावीत. गटाच्या सरासरीवर विसंबू नये.

उलट चूकही तितकीच सर्रास होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातील वस्तू आणि सोयींवरून गुण देऊन लोकसंख्येचे पाच समान भाग केले जातात. ‘सर्वात खालच्या भागात अजूनही २० टक्के लोक’ अशा वाक्याला त्यामुळे काहीच अर्थ उरत नाही. देश कितीही सुधारला तरी त्या भागात २० टक्केच असणार. असा गट क्रम सांगतो, परिस्थिती सांगत नाही.

सॉफ्टवेअर कुठे फसवते?

अनेकांची किंमत सारखीच असेल तर समान गट पाडायचे कसे? ‘आर’मधील ‘एनटाइल’ गटांची संख्या जुळवण्यासाठी सारख्या किमतीची माणसेही वेगवेगळ्या गटांत टाकते. ‘स्टाटा’मधील ‘एक्सटाइल’ त्यांना एकत्र ठेवते, पण मग गट समान राहत नाहीत. ‘क्यूकट’ तर सीमा एकमेकींवर आल्या की सहसा चूक दाखवून थांबते. तिघांतले हे थांबणेच सर्वात प्रामाणिक. शिवाय नमुना सर्वेक्षणात प्रत्येक कुटुंब वेगवेगळ्या संख्येच्या कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते. तो भार न लावता गट पाडले, तर तुकडे नमुन्याचे होतात, देशाचे नाही.

मग करावे काय?

समान गट टाकून द्यावेत असे नाही. वरच्या आणि खालच्या थरांची तुलना त्यांच्यामुळे सोपी होते. मात्र असा तक्ता छापणाऱ्याने, मग तो सरकारी विभाग असो, संशोधक असो वा वृत्तपत्र, तीन गोष्टी सोबत द्याव्यात : प्रत्येक गटाची सुरुवात आणि शेवट किती रुपयांवर, सारख्या किमतींचे काय केले आणि भार लावला की नाही. तीन ओळींचे काम आहे. त्या ओळी नसतील, तर वाचकाने गटाचे नाव वाचून मत बनवण्याआधी थांबावे.