जायचं तिकीट दिलंत, परतीचं कोण देणार?

पोस्ट लांबलीय. विषय स्पेनचा आहे, तरी वाचा.

स्पेनमध्ये पीएचडी झालेल्या तरुण शास्त्रज्ञांना परदेशात जाऊन इम्युनॉलॉजीचं, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचं, संशोधन करायला फेलोशिप मिळतात. बहुतेक दोनेक वर्षांच्या. निवड झाली की फोटो, अभिनंदन, देशाची मान उंचावली वगैरे. माझं स्पष्ट मत आहे, ही एका हाताने वाजवलेली टाळी आहे.

का ते सांगतो. या विषयात एखादं जनुक बदललेले उंदीर तयार करण्यातच कित्येक महिने जातात. मग प्रयोग, मग शोधनिबंध. काम कुठे रंगात येतंय तोवर पैसे संपतात. आणि पोरगं परत निघालं की उंदीर, नमुने, यंत्रं सगळं तिथल्या साहेबाच्या प्रयोगशाळेत राहतं. इकडे मायदेशात त्याच्यासाठी टेबलसुद्धा नसतं. मग तो येईल कशाला?

कारोला विनुएसा यांचंच बघा. जन्म दक्षिण स्पेनचा, डॉक्टरकी माद्रिदला, पीएचडी इंग्लंडात, पोस्टडॉक ऑस्ट्रेलियात कॅनबेराला. तिथेच प्रयोगशाळा उभी राहिली. 2022 मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिलं की टीएलआर 7 या जनुकातल्या एका बदलामुळे ल्युपस होऊ शकतो. ल्युपस म्हणजे शरीराची फौज शरीरावरच उलटते तो आजार. हा बदल सापडला कुणात? लहानपणीच ल्युपस झालेल्या एका स्पॅनिश मुलीत. तोच बदल उंदरांत घातला क्रिस्पर वापरून. आणि या क्रिस्परला नाव देणारे फ्रान्सिस मोहिका कुठले? स्पेनच्याच अलिकांतेचे. सांता पोलाच्या मिठागरातले सूक्ष्मजीव तपासता तपासता त्यांना ही भानगड दिसली होती. ही जिवाणूंची रोगप्रतिकारशक्ती आहे, हे त्यांनी 2005 मध्ये छापलं, तेही मोठ्या नियतकालिकांनी नकार दिल्यावर. म्हणजे पेशंट स्पेनची, शास्त्रज्ञ स्पेनची, हत्याराचं मूळ स्पेनमध्ये, आणि प्रयोगशाळा ऑस्ट्रेलियाची!

मोहिका मात्र बाहेर काम करून गावच्या विद्यापीठात परतले होते. एक माणूस परतला तर काय होतं ते दिसलंच ना?

सरकारने काय केलं? 2008 च्या मंदीनंतर संशोधनाचे पैसे छाटले. 2011 च्या शेवटी विज्ञानाचं स्वतंत्र मंत्रालयच गुंडाळून अर्थखात्यात घातलं, ते 2018 पर्यंत. पोरं देश सोडायला लागली तेव्हा 2012 मध्ये स्थलांतर खात्याच्या एका बड्या अधिकारी बाईंनी त्याचं एक कारण तरुणांची साहसाची ओढ असं सांगितलं. पुढच्या वर्षी रोजगारमंत्री फातिमा बान्येस यांनी याला 'बाह्य गतिशीलता' असं गोंडस नाव दिलं. पोटासाठी घर सोडणाऱ्याला गतिशील म्हणायचं! आजही स्पेन संशोधनावर जीडीपीच्या दीड टक्क्याच्या आसपास खर्च करतो, युरोपीय संघाची सरासरी दोनच्या वर आहे.

काही जण म्हणतील, परत आणायला रामोन इ काहाल योजना आहे की. आहे, 2001 पासून. पण जागा मोजक्या, करार पाच वर्षांचा आणि उमेदवार तोवर चाळिशीच्या उंबरठ्यावर. तेवढ्यावर कुणी बायकापोरं घेऊन देश बदलत नाही.

आपल्याकडेही हेच चाललंय, म्हणून लिहितोय. परदेशी फेलोशिप मिळाली म्हणून सत्कार, ही बातमी मी वीस वर्षं लावतोय. अमक्याचा मुलगा परत येऊन इथे प्रयोगशाळा थाटतोय, अशी प्रेसनोट अजून एकही आलेली नाही. केंद्राची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे परतणाऱ्यांसाठी. तीही पाच वर्षांची, आणि पुढे कायम नोकरीची हमी नाही.

'देशप्रेम नाही पोरांना' अशी कमेंट करायला येणाऱ्यांना आधीच सांगतो, देशप्रेमावर उंदीर पाळता येत नाहीत. आणि जाऊच नका, असंही मी म्हणत नाही. जावं, शिकावं. फक्त बाहेर पाठवायच्या फेलोशिपच्या जाहिरातीतच छापा : परत आल्यावर कुठल्या संस्थेत जागा, किती वर्षांची, हाताखाली किती माणसं आणि प्राणिगृहात किती पिंजरे.