पाऊस सर्वांचा, पाणी कोणाचे?

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, तेव्हा साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. परंतु ज्या जिल्ह्यात सरासरीने वर्षाला सातशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे काही वर्षांच्या अवर्षणाने घशाला कोरड का पडावी, हा प्रश्न त्या हळहळीत बुडून गेला.

समुद्राची वाफ मोसमी वारे आणतात. सह्याद्रीवर चढताना ती थंडावून कोसळते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवरील वाईला तो हजाराच्याही आत येतो. ही विषमता निसर्गाची आहे. तिच्याशी आपले भांडण नाही. परंतु पडलेल्या पावसाचे पुढे काय होते? काही पाणी नद्यांवाटे समुद्रास मिळते, काही मुरते, आणि मोठा हिस्सा माती व पिके यांच्यावाटे पुन्हा वाफ होऊन जातो. यांतील कोणता हिस्सा किती व कोणासाठी, हे बऱ्याच अंशी माणूस ठरवतो. निसर्गाची हद्द येथे संपते आणि राजकारणाची सुरू होते.

महाराष्ट्रात ऊस थोडी जमीन व्यापतो, पण सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी घेतो. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकास आपल्या जमिनीखालील पाणी उपसण्याची मुभा दिली. परंतु भूगर्भातील पाण्याला सातबारा ठाऊक नाही. पाऊस सर्वांच्या शेतात मुरतो. उपसा मात्र ज्याच्यापाशी भांडवल, त्याचा! एकाच्या खोल कूपनलिकेने शेजाऱ्याची विहीर आटते.

उसाखेरीज शेतकऱ्याला भावाची हमी कोठे आहे, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ज्वारी, तूर, हरभरा यांच्या खरेदीची तशीच खात्री दिली पाहिजे.

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर, भूमिहीनालाही हक्क, उसाला पाणी नाही, असे तिचे साधे नियम होते. पावसाळा सरताच प्रत्येक ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडावा, पिण्याचे पाणी आधी राखावे आणि उरलेले माणशी वाटावे. ढग कोणाच्याही बांधावर अडत नाहीत. मग त्यांनी दिलेले पाणीच तेवढे बांधाआड कोंडण्याचा अधिकार आपण कोणाला व का दिला?