‘मालकाच्या जोखमीवर’ : दुरुस्तीच्या पावतीवरील अटीचे खंडन

दुरुस्तीला टाकलेला मोबाइल, टीव्ही किंवा लॅपटॉप दुकानातच आणखी बिघडला, तर नुकसान मालकाने सोसायचे असा रिवाज बाजारात रुळला आहे. भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावात तो अधिकच घट्ट बसतो. बोर्डाचे बारीक काम गावात जमले नाही, तर वस्तू तुमसरला किंवा नागपूरला जाते, आणि परत आल्यावर ती कोणाच्या हातून बिघडली हेच कळेनासे होते. हा रिवाज कायद्याला धरून नाही. ग्राहकाचा करार ज्या दुकानाशी झाला, त्याने काम पुढे कोणाकडे सोपवले याच्याशी ग्राहकाचा संबंध नसतो. उत्तर त्या दुकानानेच द्यायचे असते.

रिवाजाचा मुख्य आधार म्हणजे पावतीवर छापलेले ‘वस्तू मालकाच्या जोखमीवर’ हे शब्द. पावती घेतली म्हणजे अट मान्य केली, असे दुकानदाराचे म्हणणे. परंतु वस्तू ताब्यात घेताच १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपाचे, म्हणजे ठरावीक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देण्याचे, नाते जुळते. कलम १५१ नुसार, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ताबेदाराने घ्यावीच लागते.

या प्रश्नावर सर्वांत उपयोगी निकाल दुरुस्तीच्या दुकानाचा नसून हॉटेलचा आहे. १ ऑगस्ट १९९८ रोजी दिल्लीतील ताज महाल हॉटेलात एका पाहुण्याने मारुती झेनची चावी कर्मचाऱ्याच्या हाती दिली. तो परतला तेव्हा गाडी दुसराच कोणी घेऊन गेला होता. पार्किंगच्या चिठ्ठीवर गाडी पाहुण्याच्या जोखमीवर उभी असल्याचे छापलेले होते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही ढाल नाकारली. ताब्यात घेतलेली गाडी परत देता आली नाही, तर पुरेशी काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवावे. स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्याला छापील अटीने झटकता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. निकाल हॉटेलपुरता बोलतो हे खरे. पण त्यामागचा तर्क निक्षेपाचा आहे, आणि दुरुस्तीवाल्याचा ताबा तर हॉटेलपेक्षाही पूर्ण असतो, कारण वस्तू उघडतोच तो.

उलट बाजूने भारती निटिंग कंपनीचा १९९६ चा निकाल पुढे येऊ शकतो. त्यात कुरिअरच्या सही केलेल्या पावतीवरील १०० डॉलरची भरपाईमर्यादा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. मात्र ती अट रक्कम ठरवणारी होती. जबाबदारी मुळातून पुसणारी नव्हती. बारीक अक्षरांत छापलेल्या, ग्राहकाने सहीही न केलेल्या ओळीला त्या निकालाचा टेकू मिळणे कठीण आहे.

वस्तू आधीच खराब होती, हा दुसरा बचाव; आणि त्यात खरेपणाचा अंश आहे. पाणी गेलेल्या मोबाइलचा बोर्ड आतून गंजलेला असतो. गरम हवेने आयसी काढताना कुशल कारागिराच्या हातूनही तो बोर्ड कायमचा बंद पडू शकतो. कायदा यशाची हमी मागतच नाही. तो काळजी मागतो आणि आधी सांगणे मागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम २(११) निष्काळजीपणाबरोबर माहिती जाणूनबुजून दडवण्यालाही सेवेतील त्रुटी म्हणते. धोका आधी सांगितला, ग्राहकाने होकार दिला आणि काम नीट केले, तर दुकानदार निर्दोष ठरावा हेच न्याय्य. पण डिस्प्ले बदलायला दिलेल्या फोनचा कॅमेरा बंद पडून आला, तर ‘आधीच खराब’ हे उत्तर पुरेसे नाही.

‘काम झाले नाही, पैसे घेतले नाहीत, मग ग्राहक कसला?’ हा प्रश्नही फसवा आहे. मोफत सेवा कायद्याबाहेर आहे, पण पैसे द्यायचे कबूल केले असले तरी माणूस ग्राहकच ठरतो. बिल न देणे तर कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसेच ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाचा लॅपटॉप ‘व्यावसायिक’ म्हणून सरसकट वगळता येत नाही. स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू कायदा ‘व्यावसायिक’ मानत नाही.

राहिली अंतराची तक्रार. सिहोऱ्याहून भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगाच्या चकरा वस्तूपेक्षा महाग पडतील, ही भीती जुन्या दिवसांतली आहे. वस्तू नागपूरच्या दुकानात बिघडली, तरी तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे चालते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तडजोडही मागता येते. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ही व्यवस्थेची खरी उणीव आहे.

मात्र वस्तू कोणत्या स्थितीत दिली, याचा पहिला पुरावा ग्राहकालाच द्यावा लागतो. म्हणून वस्तू देतानाची नोंद निर्णायक ठरते : मॉडेल, आयएमईआय क्रमांक, चालू आणि बंद असलेले भाग, काचेवरचे तडे, अंदाजे खर्च, सांगितलेला धोका आणि दोघांच्या सह्या. हा कागद प्रामाणिक कारागिरालाही खोट्या दाव्यापासून वाचवतो. कागद मिळाला नाही, तर वस्तू चालू असतानाचा छोटा व्हिडिओ आणि दुकानदाराशी झालेले संदेश कामी येतात. बिघाड दिसताच दुसऱ्या कारागिराचे लेखी मत घ्यावे.

भरपाई नव्या वस्तूच्या किमतीइतकी मागणे रास्त नाही. वस्तूची त्या दिवशीची किंमत, घेतलेले पैसे आणि झालेला त्रास एवढ्याचा हिशोब धरावा. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कलम १७० दुकानदाराला देते; न केलेल्या कामासाठी तो हक्क नाही. आयोगाचा आदेश मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण भरपाईचा आदेश झालेल्या दुकानदाराला त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश न पाळल्यास कलम ७२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.