अर्थाचे भोक वर की खाली?

दिवाळी जवळ आली की घरात रंगारी येतो आणि त्याच्या मागोमाग वायरमन. भिंतीवरून काढलेली सॉकेटे परत बसविताना एखादे हमखास शीर्षासन करते. तीन भोकांपैकी मोठे भोक वर असावयाचे, ते जाते खाली! गृहिणी म्हणते, "हे काही बरे दिसत नाही." वायरमन म्हणतो, "वहिनी, करंट यायचा तो येतोच." दोघांचेही खरे, पण प्रश्न तेथे संपत नाही.

मोठे भोक 'अर्थिंग'चे. त्याची पिन जाड, कारण ती इतर भोकांत शिरू नये; आणि लांब, कारण प्लग घालताना तिचा संबंध सर्वांआधी जुळावा व काढताना सर्वांनंतर तुटावा. प्लग सैल होऊन वरून एखादी धातूची वस्तू पडलीच, तर ती आधी याच पिनेवर पडावी, म्हणून हे भोक वर बरे असे म्हणतात. अमेरिकेत मात्र ते बहुधा खाली असते, आणि तेथील विद्युतसंहिता कोणतीच बाजू सक्तीची करीत नाही. तेव्हा हा काही सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नव्हे.

खरी मेख पुढेच आहे. मोठे भोक वर असता समोरून पाहताना उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल, ही आपल्याकडची रीत. सॉकेट उलटे झाले की उजव्याचे डावे होते. हे न ओळखता कोणी 'उजवीकडे फेज' एवढेच घोकून तारा जोडल्या, तर उपकरणावरचे बटण बंद केल्यावरही आत २३० व्होल्ट दबा धरून बसू शकतात.

त्याहून वाईट म्हणजे मोठ्या भोकामागे हिरवी तारच नसणे. मग ते अर्थाचे भोक निरर्थकच! इस्त्रीतली तार सुटून पत्र्याला टेकली, तर विजेला जमिनीत जाण्याची वाट उरत नाही. ती हात लावणाऱ्याच्या देहातून वाट काढते. जाड पिन पक्कडीने मोडणारे आणि दिव्यांच्या माळेची उघडी टोके काडेपेटीच्या काडीने भोकात दाबणारे महाभाग याच जातीचे.

म्हणून आकाशकंदील टांगण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे, आणि ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावे. त्यावरचे 'टेस्ट' बटण दाबताच वीज गेली पाहिजे. सणाच्या दिवसांत तो क्षणभराचा अंधार मुळीच अशुभ नाही. उलटे सॉकेट त्याच खेपेला सरळ करून घ्यावे. गृहिणीचेही समाधान होईल.