मशीन तिचं, बिल मालकांच्या नावावर

दर वर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून हा दिवस. त्या दिवशीची भाषणं मी बरीच ऐकली आहेत. काटा मारलेलं वजन, मुदत संपलेला बिस्किटाचा पुडा, छापील किमतीपेक्षा जादा घेतलेले दोन रुपये. सगळं खरं आणि महत्त्वाचंही. पण या भाषणांतली गृहिणी वस्तू आणते ती घरात खायला, नाहीतर वापरायला. आमच्या आजरा तालुक्यात बचत गटाचं कर्ज काढून बाई शिलाई मशीन घेते, घरघंटी घेते, पापडाचं यंत्र घेते, ती चार पैसे मिळवायला. ते मशीन बिघडलं तर कायद्याच्या लेखी ती कोण, ग्राहक की व्यापारी?

गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्याच गटातल्या एका बाईच्या रूपानं माझ्या दारात आला. नवरा मुंबईला कामाला. आमच्याकडे निम्म्या घरांतले पुरुष तसे मुंबईलाच. ही सासू आणि दोन मुलांना घेऊन वाडीवर राहते. गटाचं कर्ज आणि नवऱ्यानं पाठवलेले थोडे पैसे मिळून तिनं घरघंटी घेतली. वाडीतल्या बायकांना नाचणीचं, तांदळाचं दळण डोक्यावर घेऊन लांबच्या गिरणीत जावं लागायचं, ते हिच्याकडे येऊ लागलं. तीन महिने बरे गेले.

मग एक दिवस म्हणाली, "वैनी, दळण टाकलं की पंधरा मिनिटांत मोटार तापतीया, आन् बंदच पडतीया."

दुकानदाराकडे तिनं चार खेपा घातल्या. पहिल्यांदा तो म्हणाला, तुमच्या वाडीत लाइटचा दाब नाही. दुसऱ्यांदा, कंपनीचा माणूस येईल. तिसऱ्यांदा, बिल मालकांच्या नावावर आहे, त्यांना पाठवून द्या. चौथ्यांदा त्यानं शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "तुम्ही दळणाचा धंदा करता. धंद्याच्या मशीनला ग्राहक कोर्ट लागू होत नाही." मशीन विकताना हाच गृहस्थ "दिवसाला दहा घरची दळणं काढा, वर्षात पैसे फिटतील" असं म्हणाला होता, हे तिला शब्दन् शब्द आठवत होतं. पण ते बोलणं बिलावर कुठं लिहिलेलं असतं?

मैत्रिणींनो, दुकानदाराच्या शेवटच्या दोन्ही उत्तरांना कायद्यात उत्तर आहे. ते आपल्यालाच माहीत नसतं, म्हणून त्याचं चालून जातं.

आधी धंद्याचं बघू. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असं कायदा म्हणतो हे खरं आहे. पण १९९३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं. स्वयंरोजगार करून आपली उपजीविका चालवण्यासाठीच जी वस्तू घेतली आणि वापरली, ती व्यापारी कारणात मोडत नाही. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला, २० जुलै २०२० पासून तो लागू होऊ लागला, त्यातही हे स्पष्टीकरण कायम आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात याचा अर्थ उलगडून सांगितला. टाइपरायटर घेऊन स्वतः लोकांची कामं टाइप करून देणारा, रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा, हे ग्राहकच. मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून ग्राहकपण जात नाही. गंमत अशी, की ज्यानं हा खटला लढवला तो स्वतः मात्र हरला. त्याचं यंत्र इतकं मोठं आणि महागाचं होतं, की ते एकट्यानं पोट भरण्यासाठी घेतलं हे न्यायालयाला पटलं नाही. म्हणजे रेघ कुठे आखायची हे त्या त्या प्रकरणातलं यंत्र, त्याची किंमत आणि ते कोण चालवतं यावर ठरतं. वाडीवरच्या घरघंटीला त्या रेघेची भीती बाळगायचं कारण मला तरी दिसत नाही.

शेतकऱ्यांच्या बाबतीतही असाच वाद झाला होता. बी उगवलं नाही म्हणून तक्रार केली तर, तुम्ही पीक विकता, तुम्ही ग्राहक कसले, असं म्हटलं जाई. २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं शेतकऱ्यांना ग्राहक मानलं. भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बायकांनी हेही लक्षात ठेवायला हवं. आणि बियाण्याची पिशवी, बिल, दोन्ही जपून ठेवायला हवं.

आता "मालकांना पाठवा"चं. वस्तू ज्यानं विकत घेतली तो ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीनं ती वापरणाराही ग्राहक आहे. कायद्याच्या कलम २(७) मध्ये तसं स्वच्छ लिहिलं आहे. तेव्हा नवरा मुंबईला असला तरी बायकोची तक्रार अडत नाही. तरीही माझा आग्रह असा, की कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुम्ही भरणार, मशीनवर तुम्ही बसणार, तर बिल दुसऱ्याच्या नावावर का? दुकानात "नाव काय लिहू?" असं विचारलं की आपण सवयीनं घरधन्याचं नाव सांगतो. दुकानदारही पुष्कळदा विचारतच नाही.

बायका आणि ग्राहक चळवळ यांचं नातं तसं जुनं आहे. १९७२ च्या महागाईत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची कल्पना मांडली. मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं मिळून महिन्याचा किराणा एकदम घेऊ लागली, त्यातलं पुष्कळ काम बायकांनीच उचललं. पुढे १९८६ च्या कायद्यानं जिल्हा मंचाच्या दोन सदस्यांपैकी एक स्त्री असलीच पाहिजे असा दंडक घातला. पण या सगळ्यात डोळ्यांसमोर होती ती तेल-तांदूळ-साखर घेणारी बाई. मशीन घेणारी बाई गावोगावी दिसू लागली ती नंतर, बचत गटांमुळे.

आमच्या बाईसाठी आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीतून बोलता येतं आणि खर्च काही नाही. मग रजिस्टर पोस्टानं दुकानदाराला आणि कंपनीला नोटीस पाठवली. त्याआधी गावातल्या मोटार रिवायंडिंग करणाऱ्याकडून मशीन तपासून घेतलं आणि दोष कशात आहे हे त्याच्या सहीनिशी कागदावर घेतलं. नोटीशीत एक वाक्य मी मुद्दाम दोनदा घातलं, "सदर यंत्र मी स्वतः चालवून त्यावर माझी उपजीविका करते." तक्रारीत हे वाक्य नसलं, की समोरचा वकील तेवढ्यावरच तक्रार फेटाळायला सांगतो.

यानं भागलं नाही तर पुढे कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. आजऱ्याहून कोल्हापूर ऐंशी किलोमीटरच्या पुढे, त्यात मजुरी बुडते, म्हणून बायका कचरतात. आता तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि अर्ज केला तर व्हिडिओवरून सुनावणीची सोय कायद्यात आहे. तारखा पडतात हे मी लपवणार नाही. साधारण तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा सांगतो, प्रत्यक्षात वेळ लागतो.

नोटीस पोचल्यावर दुसऱ्या आठवड्यात कंपनीचा माणूस वाडीवर येऊन नवी मोटार बसवून गेला. दुकानदाराच्या मते विषय संपला. पण मशीन बंद होतं तेव्हाही गटाचा हप्ता थांबला नव्हता. तो तिनं कानातलं गहाण ठेवून भरला. आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत यांखेरीज नुकसानभरपाईही देऊ शकतो, म्हणून आम्ही तक्रारीची तयारी चालवली आहे. कुठल्या दिवशी कुणाचं दळण परत गेलं, हे सगळं तिनं मुलीच्या जुन्या वहीत मागच्या पानापासून लिहून ठेवलं आहे, किलोसकट. ती वही आम्ही पुरावा म्हणून जोडणार आहोत. भरपाईचा आकडा किती मांडायचा यावर मात्र आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही. ती फारच कमी सांगते.